बेटं नकाशात, बेटवाले बैठकीबाहेर

(युवा अभ्यास शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, मला 'नागरिकत्व आणि भूगोल' असा विषय दिला होता. मी शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे नागरिकत्वावर बोलायला मी नकाशा घेऊन आले, हे तुम्ही समजून घ्याल. मात्र नकाशा भारताचा नाही, मॉरिशसचा आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना मॉरिशस म्हणजे मधुचंद्राची जाहिरात एवढंच माहीत असेल. थोडे जण म्हणतील, तिकडे आपली मराठी माणसं आहेत. बरोबर आहे, आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर करारमजूर गेले, त्यात कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसं होती. त्यांचे वंशज आज घरी बहुतेक क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. रमजान ईदलाही असते. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. 1834 नंतर भारतातून गेलेले साडेचार लाखांच्या आसपास मजूर त्याच बंदरातून आत आले. 2006 साली तो जागतिक वारसा ठरला.

मुसलमानांचा इतिहास तर मजुरांच्याही आधीचा. फ्रेंचांच्या काळात जहाजांवरचे खलाशी, म्हणजे लष्कर, पोर्ट लुईत वस्ती करून होते. त्या वस्तीत 1805 साली पहिली मशीद उभी राहिली. तिथल्या क्रिओल बोलीत आजही मुसलमानाला 'लास्कार' म्हणतात, कधी सहज, कधी हिणवून. नंतर कच्छी मेमन आणि सुरती व्यापारी आले, बिहारकडचे मजूर आले. आज लोकसंख्येत मुसलमान 17 टक्क्यांहून थोडे जास्त आहेत. कासम उतीम तिथे दहा वर्षं राष्ट्रपती होते. 2002 साली दहशतवादविरोधी विधेयकावर सही करायला नकार देऊन त्यांनी पदाचा राजीनामा दिला. 2015 मध्ये अमीना गुरीब-फकीम या तिथल्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं, ते चेहऱ्यांवर दिसतंय. मलाही वाटतं. पण मी आज त्या अभिमानाबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे त्याच देशाच्या लांबच्या बेटांबद्दल.

हा नकाशा बघा. मॉरिशस नावाचं मुख्य बेट इथे, 1,865 चौरस किलोमीटरचं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात अशी चार बेटं आरामात बसतील. देशाची सगळी सत्ता, सगळी मोठी इस्पितळं, विद्यापीठ, न्यायालयं या एका बेटावर. पण मॉरिशसचं संविधान उघडा. कलम 111 मध्ये 'मॉरिशस' या शब्दाचीच व्याख्या दिली आहे. मॉरिशस म्हणजे मॉरिशस बेट, रॉड्रिग्ज, अगालेगा, ट्रोमलँ, कार्गादोस काराजोस, दिएगो गार्सियासह चागोस द्वीपसमूह, आणि या राष्ट्राची असलेली इतर कुठलीही बेटं. आता अंतरं मोजा. रॉड्रिग्ज पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. कार्गादोस काराजोस, ज्याला सेंट ब्रँडनही म्हणतात, ईशान्येला 400 किलोमीटरहून जास्त. अगालेगा उत्तरेला हजारएक किलोमीटर. चागोस तर 2,000 किलोमीटरच्याही पलीकडे. म्हणजे एका व्याख्येत मुंबईपासून कोलकात्यापर्यंतचं अंतर मावलं, आणि मधे फक्त पाणी.

हे पाणीच खरी दौलत आहे. या सगळ्या बेटांभोवतीचा समुद्र धरून मॉरिशस सुमारे 23 लाख चौरस किलोमीटर सागरी क्षेत्रावर हक्क सांगतं. जमीन मुंबई महानगर प्रदेशाच्या निम्मीही नाही, आणि समुद्र भारताच्या जमिनीच्या दोन-तृतीयांशाहून मोठा. एवढा समुद्र मुख्य बेटामुळे मिळालेला नाही, दूरच्या ठिपक्यांमुळे मिळालाय. ठिपका जितका लांब, तितका समुद्र जास्त. आणि ठिपका जितका लांब, तितका तिथल्या माणसाचा आवाज राजधानीत कमी. मला आज एवढंच दाखवायचं आहे.

ट्रोमलँपासून सुरू करते, कारण तिथे आता कायमचं कुणी राहत नाही. जेमतेम एक चौरस किलोमीटर वाळू. फ्रान्सचा ताबा, मॉरिशसचा दावा. 2010 मध्ये दोघांनी मिळून बघू असा करार केला, पण फ्रेंच संसदेने तो कधी मंजूर केला नाही. मात्र 1761 साली तिथे एक फ्रेंच जहाज फुटलं. त्यात मादागास्करहून चोरून आणलेले गुलाम होते. वाचलेल्या फ्रेंच खलाशांनी मोडक्या लाकडांची होडी बांधली आणि ते निघून गेले. परत येऊ, असा शब्द देऊन गेले. साठेक गुलाम मागे राहिले. मॉरिशसच्या तेव्हाच्या गव्हर्नरने जहाज पाठवायला नकार दिला. 1776 साली, पंधरा वर्षांनी, एक जहाज त्या वाळूपर्यंत पोहोचलं तेव्हा सात बायका आणि आठ महिन्यांचं एक बाळ जिवंत होतं. त्या जहाजाच्या कप्तानाचं नाव बेटाला मिळालं. सात बायकांचं नाही.

आता माणसं असलेल्या बेटांकडे येऊ.

रॉड्रिग्जवर चाळीस हजारांहून जास्त लोक राहतात, बहुतेक क्रिओल कॅथलिक. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत या लोकांना विधिमंडळात प्रतिनिधीच नव्हता. 1967 च्या निवडणुकीत ते पहिल्यांदा मतदानाला उतरले. ती निवडणूक स्वातंत्र्य हवं की ब्रिटनशी जोडून राहायचं, या प्रश्नावर लढली गेली. देशात स्वातंत्र्याची बाजू जिंकली. रॉड्रिग्जने प्रचंड बहुमताने विरोधात मत दिलं आणि दोन्ही जागा स्वातंत्र्यविरोधी पक्षाला गेल्या. आपल्याला हे ऐकायला विचित्र वाटतं. स्वातंत्र्य नको म्हणणारे लोक कसले? पण त्यांच्या जागी बसून बघा. ज्या राजधानीने तुम्हाला आजवर विचारलंच नाही, तिच्या हातात सगळी सत्ता जाणार आहे. त्यांना परक्या साहेबाचं प्रेम नव्हतं, शेजारच्या साहेबाची भीती होती. 12 मार्च 1968 ला मॉरिशस स्वतंत्र झालं तेव्हा रॉड्रिग्ज जल्लोषात नव्हतं. त्यांना कुणी देशद्रोही म्हणालं का, असं कुणीतरी मनात विचारत असेल. अशा वेळी असे शब्द कुठेही सहज निघतात, आपल्याला काय वेगळं सांगायचं?

पुढचा भाग मात्र मला आवडतो. सर्ज क्लेर यांनी 1976 मध्ये रॉड्रिग्जच्या लोकांचा स्वतःचा पक्ष काढला आणि ती माणसं संविधानाच्या चौकटीत राहून भांडत राहिली. 2001 मध्ये कायदा झाला, 2002 मध्ये रॉड्रिग्जची प्रादेशिक सभा निवडून आली. स्वायत्तता मिळाली, पैसा मात्र अजून राजधानीतूनच येतो, आणि त्यावरून कुरबुर चालूच असते. पण स्वतःची खोली मिळाल्यावर माणसं काय करतात बघा. तिथे ओहोटीला प्रवाळावरून चालत, हातात लोखंडी सळई घेऊन बायका ऑक्टोपस पकडतात. ऑक्टोपस कमी होत चालले होते. 2012 मध्ये रॉड्रिग्जने दोन महिने ऑक्टोपसची मासेमारी बंद ठेवली. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते तसंच. त्या काळात बायकांना दुसरं काम दिलं. बंदी उठल्यावर मोठे ऑक्टोपस मिळाले, आणि नंतर मुख्य बेटानेही हाच नियम उचलला. धाकट्या बेटाने थोरल्याला शिकवलं. त्यासाठी आधी धाकट्याला निर्णय घ्यायची मुभा मिळावी लागली.

आता चागोस. यावर मी जरा जास्त थांबणार आहे.

चागोसमध्ये नारळाचे मळे होते. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणून तिथे वसवले. नंतर काही भारतीय मजूरही गेले. खोबरं आणि तेल मॉरिशसला जायचं, म्हणून त्यांना तेलाची बेटंच म्हणत. पिढ्यान्पिढ्या तिथे राहून या लोकांची वेगळी क्रिओल बोली झाली, चर्च झाली, दफनभूमी झाली. कारभार मॉरिशसमधून चाले. शासकीय भाषेत ही मॉरिशसची 'अवलंबित बेटं' होती. हा शब्द लक्षात ठेवा. कोण कुणावर अवलंबून होतं, हे तेलाच्या पिंपांना विचारायला हवं.

1960 च्या दशकात अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि त्यासाठी दिएगो गार्सिया पसंत पडलं. ब्रिटनला मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायचं होतं. मग बेत ठरला: आधी चागोस कापून वेगळं करायचं, मग उरलेल्याला स्वातंत्र्य द्यायचं. बदल्यात अमेरिकेने ब्रिटनला पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या किमतीत 1 कोटी 40 लाख डॉलरपर्यंत सूट दिली, आणि ती अनेक वर्षं गुपचूप ठेवली.

23 सप्टेंबर 1965. लंडन. त्या दिवशी सकाळी ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना एकट्याने बोलावलं. विल्सन यांच्या सचिवाने आधीच लेखी सल्ला दिला होता, की रामगुलामना एकाच वेळी आशाही दाखवा आणि धाकही. स्वातंत्र्य मिळू शकेल ही आशा, आणि बेटांबाबत शहाणपणा केला नाही तर मिळणार नाही हा धाक. दुपारी अडीच वाजता लँकेस्टर हाऊसमध्ये बैठक झाली. तिचं इतिवृत्त आज सगळ्यांना वाचता येतं. मॉरिशसकडून टेबलाशी चार जण होते: रामगुलाम, बिसुनदयाल, पातुरो आणि अब्दुल रझाक मोहमद.

हे चौथं नाव ऐकून तुम्ही मान वर केलीत. अब्दुल रझाक मोहमद म्हणजे कोमिते दाक्स्यों म्युझुल्मान या मुस्लिम पक्षाचे संस्थापक. मॉरिशसच्या मुसलमानांचे त्या काळातले सर्वांत मोठे नेते. स्वातंत्र्याला पाठिंबा देताना त्यांनी एक आग्रह धरला होता: निवडणूक पद्धतीत अल्पसंख्याकांना संरक्षण हवं. त्यातून पुढे तिथली 'बेस्ट लूजर' पद्धत आली. निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांपैकी जास्तीत जास्त आठ जणांना, कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांचे म्हणून, विधिमंडळात घ्यायचं. त्यासाठी उमेदवाराने आपला समाज लिहून द्यायचा, आणि त्या यादीत मुसलमान हा वेगळा रकाना. या पद्धतीवर आज तिथलेच अनेक तरुण, त्यात मुस्लिम तरुणही, टीका करतात. माणसाला आयुष्यभर एका रकान्यात बांधून ठेवते म्हणतात. तो वाद आज नको. पण 1960 च्या दशकातल्या त्या देशात मुसलमानांना भीती वाटावी अशी परिस्थिती होती, हे मान्य करायला हवं. स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी, जानेवारी 1968 मध्ये, पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान टोळ्यांत दंगल पेटली आणि ती विझवायला ब्रिटिश सैन्य आणावं लागलं.

तर परत त्या दुपारी. शेवटी ब्रिटिश मंत्र्याने विचारलं, चागोस वेगळं करायला तुम्ही तयार आहात, असं मी माझ्या सहकाऱ्यांना सांगू का? रामगुलाम म्हणाले, तत्त्वतः मला मान्य आहे, आणि बिसुनदयाल व मोहमद यांनाही. बाकीच्या मंत्र्यांशी बोलावं लागेल. पातुरो यांनी संमती दिली नाही. त्यांचं म्हणणं होतं, रक्कम फार कमी आहे.

रक्कम होती 30 लाख पौंड. इतिवृत्तात अटींची यादी आहे. त्यात मासेमारीचे हक्क, हवामान केंद्र, पुढे तेल किंवा खनिज सापडलं तर त्याचा फायदा, गरज संपल्यावर बेटं परत. चागोसची माणसं त्या यादीत कुठे आहेत, म्हणून मी शोधलं. ती नुकसानभरपाईच्या कलमात आहेत. तिथे म्हटलंय की 30 लाखांशिवाय जमीनमालकांना भरपाई मिळेल आणि 'इतर बाधितांच्या' पुनर्वसनाचा खर्चही वेगळा दिला जाईल. दीड-दोन हजार माणसं, त्यांची घरं, त्यांच्या कबरी, हे सगळं 'इतर बाधित'.

मी इथे कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 25 फेब्रुवारी 2019 ला आपल्या मतात सांगितलं की चागोसचं विभाजन लोकांच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेवर आधारलेलं नव्हतं. गुलाम देशाच्या नेत्यांची संमती ती काय संमती! हे मला पूर्ण पटतं. पण आपण इथे आपसात बोलतोय, म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने विचारते. त्या टेबलाशी बहुसंख्याकांचा नेता होता, अल्पसंख्याकांचा नेता होता, उद्योगपती होता. म्हणजे आज ज्याला आपण 'सर्वसमावेशक शिष्टमंडळ' म्हणू तसंच होतं. तरी चागोसचा एकही माणूस तिथे नव्हता, रॉड्रिग्जचा नव्हता. आपल्या समाजाला जागा मिळाली, म्हणजे सगळ्यांना जागा मिळाली, असं वाटणं फार सोपं असतं. आपल्या समाजाचा माणूस समितीवर आला की आपण हार घालतो, फोटो काढतो. त्या समितीत आणखी कोण नाही, हे त्या माणसाला आपण कधी विचारलंय?

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगायला मलाच जड जातं. 1968 पासून उपचारासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट मिळेना. रिटा बांकू लेकीच्या पायाला गाडीची जखम झाली म्हणून पोर्ट लुईला आल्या. लेक वाचली नाही. परत जायला निघाल्या तेव्हा त्यांना कळलं, बेट विकलं गेलंय. बेटांवर धान्याच्या बोटी कमी केल्या गेल्या. 1971 मध्ये दिएगो गार्सिया रिकामं केलं. लोकांनी पाळलेली हजाराच्या आसपास कुत्री धुराने गुदमरवून मारली. लोकांना पुढचं काय ते समजलं. 1973 पर्यंत पेरोस बान्योस आणि सालोमनही ओसाड झालं. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या टिपणांत या लोकांचा उल्लेख रॉबिन्सन क्रूसोच्या नोकराच्या नावाने आहे, आणि जगाला सांगायचं ठरलं होतं की तिथे कायमचे रहिवासी नाहीतच, फक्त कंत्राटी मजूर आहेत.

इथवर दोष ब्रिटन-अमेरिकेचा. मुख्य बेटाने काय केलं? 1973 मध्ये शेवटच्या खेपांपैकी एका जहाजातून आलेल्यांनी पोर्ट लुईत उतरायलाच नकार दिला. आम्हाला घरी सोडा म्हणाले. शेवटी त्यांना दंगलीने पोळलेल्या शहराच्या कडेच्या मोडक्या घरांत ठेवलं. ब्रिटनने 1972 मध्ये पुनर्वसनासाठी मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड द्यायचं कबूल केलं. ते माणसांच्या हातात पडायला 1970 च्या दशकाची अखेर उजाडली, तोवर महागाईने त्यांची किंमत खाल्ली होती. नारळ सोलण्यात तरबेज असलेल्यांना शहरात काम नव्हतं. 'इल्वा', म्हणजे बेटावरचे, ही शिवी झाली. 1982 मध्ये आणखी 40 लाख पौंड आले, तेव्हा लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी इंग्रजी कागदावर अंगठे उठवले. त्यात परतीचा हक्क सोडल्याचं लिहिलंय, हे त्यांना नंतर कळलं.

लढ्याला ताठ कणा दिला तो याच बायकांनी. शार्लेझिया अलेक्सी, लिझेत तालात, रिटा बांकू. उपोषणं केली, ब्रिटिश वकिलातीपुढे बसल्या, पोलिसांचा मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. रिटा यांचा मुलगा ऑलिव्हिए बांकू यांनी लंडनच्या कोर्टात 2000 साली खटला जिंकला. सरकारने 2004 मध्ये संसदेला बाजूला ठेवून राणीच्या आदेशाने तो निकाल निष्फळ केला. 2008 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारला उचलून धरलं. 2018 मध्ये लिझबी एलिझे यांनी हेगच्या न्यायालयापुढे क्रिओलमध्ये साक्ष दिली. त्या लिहू-वाचू शकत नाहीत, म्हणून व्हिडिओवर बोलल्या. मे 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 देश मॉरिशसच्या बाजूने उभे राहिले, विरोधात फक्त सहा. भारत अर्थातच बाजूने होता.

22 मे 2025 ला ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसला, दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षांच्या भाड्याने ब्रिटनकडे. भाडं वर्षाला सरासरी 10 कोटी पौंडांहून जास्त, मॉरिशस सरकारला. दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर मॉरिशसला वस्ती करता येईल. चागोसवासीयांसाठी 4 कोटी पौंडांचा निधी. आनंदाची बातमी ना? सहीच्या दिवशी पहाटे, दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायकांनी लंडनच्या कोर्टातून तात्पुरती स्थगिती मिळवली होती. आमच्याबद्दल ठरतंय आणि आम्हाला विचारलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. काही तासांत स्थगिती उठली आणि सह्या झाल्या. सगळे चागोसवासी त्यांच्या मताचे नाहीत. ऑलिव्हिए बांकूंचा गट मॉरिशसच्या बाजूने आहे, इंग्लंडमध्ये क्रॉली गावात वसलेल्यांपैकी अनेक जण विरोधात. मत काहीही असो, वाटाघाटींच्या टेबलाशी त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. 1965 मध्ये नव्हती, साठ वर्षांनीही नव्हती. फक्त या वेळी साहेबाच्या समोर बसलेला पक्ष स्वतंत्र होता.

आता शेवटचं बेट. हे आपल्याला चिकटलेलं आहे, म्हणून मागे ठेवलं.

अगालेगा. दोन बेटं, सुमारे तीनशे माणसं, नारळ. तिथला कारभार पोर्ट लुईत बसलेलं एक सरकारी महामंडळ चालवतं. पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांच्या नावावर जमीन नाही. बोट वर्षातून मोजक्या खेपा करायची, धक्का नसल्यामुळे माल आणि माणसं छोट्या होडीतून उतरवायची. बाळंतपणासाठी बाईला आधीच हजार किलोमीटरवर जाऊन राहावं लागे. 2015 मध्ये भारत आणि मॉरिशसने करार केला. भारताच्या पैशाने तिथे सुमारे तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला गेला, आणि 29 फेब्रुवारी 2024 ला दोन्ही पंतप्रधानांनी त्याचं दूरस्थ उद्घाटन केलं.

धावपट्टी वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाला विमान मिळणं ही चैन नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरात चिडो चक्रीवादळाने अगालेगाची घरं उद्ध्वस्त केली. अशा वेळी धावपट्टीचा उपयोग कोण नाकारेल? पण तीनशे माणसांना तीन किलोमीटरची धावपट्टी कशाला, हा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला. तीन किलोमीटरवर मोठी गस्ती विमानं उतरतात. हा लष्करी तळ नाही, असं दोन्ही सरकारं सांगतात. तिथली माणसं मात्र दिएगो गार्सियाकडे बोट दाखवतात. त्यांची भीती खरी ठरेल असं मी म्हणत नाही. ती भीती कुठून आली, हे तुम्हाला आता माहीत आहे.

आणि इथे आपण प्रेक्षक नाही. लँकेस्टर हाऊसमध्ये आपण नव्हतो. अगालेगाच्या करारात आपला देश एक पक्ष आहे, पैसा आपल्या करांचा आहे. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत या उद्घाटनाच्या बातम्या आल्या, बहुतेक चीनला शह या सुरात. अगालेगाच्या एका रहिवाशाचं म्हणणं त्यात मला शोधून सापडलं नाही. तुमच्यापैकी जे पत्रकारिता शिकताहेत, ज्यांना आपल्या मासिकासाठी लिहायचंय, त्यांनी मॉरिशसमधल्या लोकांशी बोलावं. क्रिओलचा अडसर असेल, पण तिकडे मराठी शिकवणारी माणसं आहेत, मराठी मंडळी आहेत, मदत मिळेल. प्रश्न साधे आहेत. घराखालची जमीन तुमच्या नावावर होणार का? धावपट्टीच्या कुठल्या बाजूला तुम्हाला जायची मनाई आहे? विमानाचं तिकीट कुणाला मिळतं? उद्या कुणी तुम्हाला मुख्य बेटावर हलवायचं ठरवलं तर विचारणार कोण, आणि कोणत्या भाषेत?

फेब्रुवारी 2022 मध्ये मॉरिशस सरकारने एक बोट चागोसला नेली होती. पाच चागोसवासी त्यात होते, ब्रिटिश पहारा नसताना पहिल्यांदाच. पेरोस बान्योसच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांनी गुडघे टेकून वाळूचं चुंबन घेतलं. सरकारी लोकांनी झेंडा रोवला. बेटावर जन्मलेली ती माणसं मात्र पडक्या चर्चकडे गेली आणि तिथलं रान साफ करू लागली.

नकाशा मी इथे टेबलावर ठेवते. अर्धा तास आहे, जवळ येऊन बघा आणि विचारा.